खालच्या तोंडाचा मका

माझ्या नावाआधी डॉक्टर लागतं, म्हणून नांदेडला आमच्या गल्लीत राहायला गेल्यावर पहिली दोन-तीन वर्षं लोक मला गुडघे दाखवायला येत. मी औषध देत नाही हे कळल्यावर समोरच्या काकूंनी विचारलं, "मग तुम्ही डॉक्टर कशाच्या हो?" मी म्हटलं, "संप्रेरकं आणि जनुकांचं नियंत्रण." त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "असू द्या. प्रत्येकाला काही ना काही काम असतंच."

काकूंना मी तेव्हा नीट सांगू शकले नाही, ते आता निवृत्तीनंतर सांगून बघते. आपल्या डोळ्यातल्या पेशीत जी जनुकं असतात तीच जठरातल्या पेशीतही असतात. एकूण एक तीच. तरी डोळा पाहतो आणि जठर अन्न पचवतं, कारण प्रत्येक ठिकाणी त्यातली काहीच जनुकं चालू असतात, बाकीची बंद. ही चालू-बंद करणाऱ्यांमध्ये संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, मोठी कामगिरी बजावतात. बाईच्या अंडाशयात इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि रक्तातून अंगभर फिरतं. पण ज्या पेशीत त्याला बसायला जागा असते, तिथेच ते काम करतं. ते जागेवर बसलं की ठरावीक जनुकं कामाला लागतात. हे कुठे, कसं आणि किती होतं, एवढंच मी सव्वीस वर्षं बघत होते. एवढंच म्हणते खरी, पण ते बघताना सव्वीस वर्षं कधी गेली कळलं नाही.

त्यातली एकच हकिकत इथे लिहिते. तिच्यात मी एकदा चुकले आणि नोकरीतला सगळ्यात मोठा आनंदही तिच्यातच झाला.

आमची प्रयोगशाळा म्हणजे विद्यापीठाच्या जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या. तिथे मी, माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी वैशाली आणि बालाजीराव असे तिघे होतो. बालाजीराव कागदोपत्री परिचर होते. प्रत्यक्षात प्रयोगशाळा त्यांच्यावर चाले. आमच्या पेशी प्लास्टिकच्या बशांमध्ये वाढत. फार वर्षांपूर्वी कुणा एका बाईच्या शरीरातून घेतलेल्या पेशींचा तो वंश. जगभरच्या प्रयोगशाळांत तो आजही वाढतो आहे. त्यांना सदतीस अंश तापमान लागतं आणि दर दोन दिवसांनी ताजं पोषकद्रव. बालाजीराव त्यांना 'लेकरं' म्हणत.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पेशी उबदार ठेवणं अवघड असेल. नांदेडात उलटं असतं. पेशी ठेवायची पेटी गरम करू शकते, थंड करू शकत नाही. मे महिन्यात वीज गेली, वातानुकूलन बंद पडलं, की खोलीच चाळीसच्या वर जाते आणि पेशींना ताप भरतो. एका मे महिन्यात दुपारभर वीज नव्हती तेव्हा बालाजीरावांनी पेशींच्या बशा थर्मासमध्ये घालून रेल्वे कॉलनीतल्या भाच्याच्या घरी नेऊन ठेवल्या होत्या, कारण तिथे वीज होती. भाच्याच्या बायकोला त्यांनी सांगितलं होतं, "झाकण उघडायचं न्हाई, लेकरं झोपलेत." ती दिवसभर त्या थर्मासच्या आसपास फिरकली नाही.

या पेशींत आम्ही काजव्याचं एक जनुक घातलं होतं आणि ते अशा बेतानं जोडलं होतं की इस्ट्रोजेन आलं तरच ते चालू व्हावं. चालू झालं की पेशी काजव्याचं प्रथिन बनवते. वरून एक रसायन टाकलं की मंद प्रकाश पडतो. डोळ्यांना दिसत नाही, यंत्राला दिसतो. यंत्र आकडा दाखवतं. आकडा मोठा, म्हणजे संप्रेरक किंवा त्याच्यासारखं वागणारं काहीतरी आहे. बस.

एका फेब्रुवारीत रेणापूरहून गंगाधरचा फोन आला. गंगाधर माझा धर्माबादच्या शाळेतला वर्गमित्र, गुरांचा डॉक्टर, तेव्हा रेणापूर तालुक्यात नेमणुकीला होता. आधी त्यानं एक फोटो पाठवला. फोटोत देवणी जातीची एक लहान कालवड होती, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेली, आणि तिची कास भरलेली होती.

"शैला, ही दहा महिन्यांची आहे," तो म्हणाला. "अजून माजावर यायचं वय नाही, आणि कास बघ कशी उतरलीय."

"आजारी आहे का?"

"नाही. खाते, पिते, उड्या मारते. त्याच गोठ्यात दोन मोठ्या कालवडी आहेत. तीन-तीन वेळा भरवल्या, दोन्ही उलटल्या." भरवणं म्हणजे कृत्रिम रेतन आणि उलटणं म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येणं, हे मला तो फोनवरच समजावून सांगत होता. "मला त्यांच्या खाण्यावर शंका आहे. मका खातात. कापणीच्या वेळी पाऊस पडला होता. एक बुरशी असते, तिचं विष म्हणे इस्ट्रोजेनसारखं वागतं. तुझ्याकडे ते काजव्याचं काहीतरी आहे ना?"

माझ्या मनात आलं, आपण संशोधन करतो, गावोगावच्या मक्याची तपासणी हे आपलं काम नव्हे. बोललेही तसं. गंगाधर म्हणाला, "तूच म्हणतेस ना, तुझ्या कामाचा उपयोग काय असं कुणी विचारलं की राग येतो म्हणून. घे, उपयोग पाठवून देतो."

चार दिवसांनी पाव किलो मका आला. त्यानं स्वतः गोठ्यावर जाऊन घेतला होता. वैशालीनं तो दळला, अल्कोहोलमध्ये भिजवला, गाळला, अर्क काढला आणि पेशींवर टाकला. दुसऱ्या दिवशी यंत्रानं आकडे दाखवले. काहीच नव्हतं. नुसतं अल्कोहोल टाकलेल्या पेशी आणि मक्याच्या अर्काच्या पेशी, दोन्हीकडे सारखाच अंधार.

मी गंगाधरला फोन केला. तो नेमका त्याच गोठ्यावर होता. त्यानं फोन मोठ्या आवाजावर टाकला आणि म्हणाला, "मावशींनाच सांग." गोठ्याच्या मालकीण असलेल्या, मी न पाहिलेल्या त्या मावशींना मी सांगितलं, "तुमच्या मक्यात काही नाही. मका चांगला आहे."

पलीकडून एका बाईचा जाडसर आवाज आला, "बरं झालं बाई. सोताच्या रानाचा हाय."

माझ्या दृष्टीनं विषय संपला. मार्च गेला. एप्रिलच्या सुरुवातीला एका सकाळी बालाजीराव दारात येऊन म्हणाले, "मॅडम, एक पोरगी आलीय. मका घिऊन."

पंचविशीची मुलगी होती. अंगावर साधी साडी, मांडीवर कापडी पिशवी. ती दोन्ही हातांनी धरून बाकावर बसली होती. नाव रेखा. ज्या मावशींशी मी फोनवर बोलले त्या कौसाबाई, त्यांची ती सून. रेणापूरहून लातूर, लातूरहून अहमदपूर-लोहा मार्गे नांदेड, असा एसटीचा प्रवास करून आली होती. तिचा नवरा लातूरला डाळ मिलमध्ये कामाला होता. त्यानंच तिला नांदेडच्या गाडीत बसवून दिलं होतं.

"मॅडम, तुमी जो मका तपासला, तो चांगलाच असंल," ती म्हणाली. "पण आमच्या जनावरांनी तो खाल्लेलाच न्हाई."

मला काही कळेना. मग तिनं टेबलावर बोटानं रेघा ओढून दाखवलं. त्यांच्या घरी पत्र्याची कोठी आहे, माणसाच्या उंचीची. धान्य वरून झाकण उघडून भरतात. काढायचं मात्र खालून. तळाशी एक छोटं तोंड असतं, त्याचं झाकण सरकवलं की धान्य खाली पडतं. मळणीनंतर आधी ओलसर राहिलेला मका पडला तळाला. नंतर वाळवून आणलेला त्याच्यावर.

"डॉक्टर सरांनी वरचं झाकण उघडून मूठभर घेतला. मी रोज खालून काढते. मी त्यांना म्हणले बी, सर, खालचा घ्या. पण ते सासऱ्यांशी बोलून राहिले होते."

तिनं पिशवीतून वही काढली. शाळेची, दोनशे पानी. तिनं बारावी सायन्स केलं होतं, पुढे लग्न झालं. वहीत तिनं कोणतं जनावर काय खातं ते लिहिलं होतं. दुभत्या गाईला सरकी पेंड. बैलांना कडबा. तीन कालवडींना मक्याचा भरडा. जिची कास भरली ती बकुळा दाण्याच्या हावरटपणामुळे सगळ्यात जास्त भरडा खाते, असंही लिहिलं होतं. कोठीतला मका काढायला कधी सुरुवात केली आणि त्यानंतर किती दिवसांनी काय दिसलं, तेही ओळीनं होतं. माझ्या कितीतरी एम.एस्सी.च्या मुलांच्या वह्या मी तपासल्या आहेत. इतकी स्वच्छ वही फार थोड्यांची होती.

"हे घरी दाखवलंस का?" मी विचारलं.

"दाखवलं. पण तुमचा फोन आलता ना. घरचे म्हणले, मॅडम मोठ्या हायेत, त्यांनी मशीनीत बघितलं, मका चांगला हाय. मंग खोट जनावरातच." तिनं वही मिटली. "मोठ्या दोघींतली चंद्री विकली मागच्या आठवड्यात. बाजारात नेऊन. लई गुणाची कालवड होती. दोन वर्षं मीच सांभाळली."

मी त्या दिवशी फोनवर म्हटलं होतं, तुमच्या मक्यात काही नाही. खरं म्हणजे म्हणायला हवं होतं, तुम्ही पाठवलेल्या मूठभर मक्यात मला काही सापडलं नाही. या दोन वाक्यांतला फरक मी वर्गात दर वर्षी शिकवत होते. फोनवर विसरले. आणि एक कालवड गेली.

पण रेखाला नांदेडपर्यंत आणणारी गोष्ट चंद्री नव्हती. ती जरा वेळानं, वैशाली चहा आणायला गेल्यावर, हळू आवाजात बोलली. "मॅडम, माझ्या लग्नाला चार वर्षं झाली. लेकरू न्हाई. आता गावात म्हणून राहिलेत, त्या घरात गाई बी गाभण राहत न्हाईत. मक्यात न्हाई, मंग पायगुण कुणाचा?"

"सासूबाई म्हणतात असं?"

"त्या काही म्हणत न्हाईत." मग तिनं पिशवीची नाडी बोटाला गुंडाळली. "पण न्हाई बी म्हणत न्हाईत."

वैशालीनं त्याच दुपारी अर्क काढायला घेतला. त्या मक्याचे काही दाणे गुलाबीसर पडले होते आणि पिशवी उघडल्यावर कुबट वास आला. पण वासावरून आणि रंगावरून काही सिद्ध होत नाही. रेखा दुपारच्या गाडीनं परत गेली. जाताना मी तिला म्हटलं, "निकाल काहीही आला तरी मी तुला फोन करीन. आणि जेवढं माहीत असेल तेवढंच सांगीन."

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं यंत्रापुढे उभे होतो. बालाजीरावांना आकड्यांशी एरवी काही घेणं नसे, पण त्या दिवशी तेही हात पुसून आले. बशीतल्या पेशींच्या एकेक खळग्याचा उजेड मोजला जात होता. नुसतं अल्कोहोल, अंधार. वरच्या तोंडाचा जुना मका, अंधार. खालच्या तोंडाचा मका, आणि आकडा एकदम चढला. शुद्ध इस्ट्रोजेन टाकलेल्या पेशी जितक्या उजळतात, जवळजवळ तितका.

वैशालीनं माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा फुलला होता. मला मात्र आता भीती वाटत होती. एकदा घाईनं बोलून मी एका घराचं नुकसान केलं होतं. मी म्हटलं, "पुन्हा करायचं. पिपेट बदल, भांडी बदल. आणि या वेळी जागा अडवून बघायची."

जागा अडवणं म्हणजे असं. एक औषध मिळतं, ते पेशीतल्या इस्ट्रोजेनच्या जागेवर जाऊन बसतं आणि तिथून हलत नाही. स्वतः काही करत नाही, दुसऱ्याला करू देत नाही. ते आधी टाकायचं आणि मग मक्याचा अर्क. तरीही उजेड पडला, तर तो दुसऱ्याच कशामुळे आहे, आपली फसगत झाली. उजेड विझला, तर मक्यातलं ते जे काही आहे ते इस्ट्रोजेनच्याच जागेवर बसत होतं.

पुन्हा केलं. खालचा मका उजळला. औषध घातलेल्या खळग्यांत तोच मका विझला.

वैशालीनं आनंदानं माझा हात धरला. बालाजीरावांनी विचारलं, "सापडलं?" मी म्हटलं, "सापडलं." ते खाली गेले आणि इमारतीतल्या सगळ्यांसाठी चहा सांगून आले. कशाचा म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत होते, "मक्यात काजवा सापडला." ते शास्त्रीयदृष्ट्या चूक होतं, पण मी दुरुस्त केलं नाही.

मका दुसऱ्या शहरातल्या तपासणी केंद्रातही पाठवला. त्यांनी त्यात ते बुरशीचं विष मोजूनच दिलं. तोपर्यंत थांबायची मात्र गरज नव्हती. कोठीचं खालचं तोंड बंद करा, एवढं मी रेखाला लगेच फोनवर सांगितलं. आणि म्हटलं, "बाकीचं मी येऊन सांगते."

फोनवर बोलून मी एकदा चूक केली होती. ती निस्तरायला समोर जाणं भाग होतं. केंद्राचा अहवाल हातात आल्यावर पुढच्या रविवारी मी आणि वैशाली रेणापूरला उतरलो. गंगाधर मोटारसायकल नको म्हणून कुणाची तरी जीप घेऊन आला होता. त्याचाही चेहरा पडलेला होता. "मी वरून घेतला, शैला," तो म्हणाला. "ती पोरगी सांगत होती, मी ऐकलं नाही." मी म्हटलं, "मीही विचारलं नाही कुठून घेतलास. अर्धं अर्धं वाटून घेऊ."

कौसाबाई साठीच्या, उंच, कपाळावर मोठं कुंकू. आमच्याकडे बघत गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. पाचसात शेजारणी आधीच जमलेल्या होत्या. शहरातून मॅडम येणार हे गावाला माहीत होतं. मला तेच हवं होतं. मी चहा घ्यायच्या आधीच सगळ्यांसमोर सांगितलं की मागच्या वेळी माझं चुकलं. मका चांगला आहे हे मी म्हणायला नको होतं. खालच्या मक्यात बुरशीचं विष आहे, ते जनावराच्या शरीराला फसवतं, आणि हे सगळ्यात आधी तुमच्या सुनेनं ओळखलं.

कौसाबाईंनी विचारलं, "फसवतं म्हंजी काय करतं?"

मी सांगायला लागले. दूध तयार करायचा जो हुकूम असतो तो गाईच्या सगळ्या अंगात असतो. पण त्यातला कासेतलाच चालू होतो, तोही वेळ आल्यावर. वेळ आली हे अंडाशयातून निघालेलं संप्रेरक सांगतं. या बुरशीचं विष दिसायला वेगळं, पण नेमकं त्याच जागेवर बसतं. कासेला वाटतं वेळ आली. गर्भाशयाला वाटतं वेळ आली. सगळं अवेळी चालू होतं आणि खऱ्या वेळेला गर्भ धरत नाही.

त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "समद्या अंगात असतो म्हणता तो हुकूम?"

"हो."

"शिंगात बी?"

"शिंगाच्या मुळाशी जिवंत पेशी असतात, त्यांच्यात आहे."

"मंग शिंगातून दूध कामून येत न्हाई?"

शेजारणी हसायला लागल्या. वैशालीही हसली. मी हसले नाही. माझ्या विषयातला मूळ प्रश्न हाच आहे. तो विचारायला मला पदव्युत्तर शिक्षणाचं दुसरं वर्ष लागलं होतं आणि ही बाई गोठ्याच्या दारात उभं राहून पाच मिनिटांत तिथे पोचली होती. मी म्हटलं, "मावशी, मी वीस वर्षं हेच शोधतेय. शिंगातला तो हुकूम घट्ट गुंडाळून ठेवलेला असतो, आणि संप्रेरकाला बसायची जागाही तिथे नसते. एवढं कळलंय. बाकी बरंच कळायचंय."

"वीस वर्षं," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कौतुक होतं की कीव, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

मग गोळा झालेल्या बायकांतली एक म्हणाली, "मंग हिच्या सुनंचं बी मक्यानंच असंल."

रेखा गोठ्याच्या खांबाला टेकून उभी होती, तिनं मान खाली घातली. मी विचारलं, "तुमच्या घरात मका खातात का?" कौसाबाई म्हणाल्या, "न्हाई. आमी ज्वारी." मी म्हटलं, "मग रेखाबद्दल हा मका काहीच सांगत नाही. आणि गाईबद्दल रेखाचं पाऊलही काही सांगत नाही. लेकराचं म्हणाल तर दवाखान्यात दोघांनी जायचं असतं, बाईनं एकटीनं नाही. हे मी नाही, कोणताही डॉक्टर सांगेल."

कौसाबाई त्या बाईकडे वळल्या. "ऐकलं का? माझ्या सुनंनं गोठा राखला. उद्यापासून पायगुण म्हणलीस तर माझ्या दारातून पाणी भरायचं न्हाई." मग रेखाला म्हणाल्या, "उभी काय राहिलीस, पिठलं-भाकरी टाक. न्हाई तर राहू दे, मीच टाकते. तू बस मॅडमपाशी."

रेखा माझ्यापाशी येऊन बसली. तिनं पदराच्या टोकानं डोळे पुसले आणि नंतर वही काढून विचारलं, "मॅडम, ते औषध टाकल्यावर उजेड विझला म्हणले, ते परत एकदा सांगा ना." मी सांगितलं. तिनं उतरवून घेतलं.

भाकरी खाताना मी चंद्रीचा विषय काढला. गंगाधरनं व्यापाऱ्याकडे चौकशी केली होती, पण ती उदगीरच्या बाजारात पुढे विकली गेली होती आणि माग लागला नाही. मी म्हटलं, "ती माझ्यामुळे गेली, मावशी." कौसाबाई म्हणाल्या, "गेली ती गेली. पण तुमचंच शास्त्र बगा की. तिथं तिला आपला मका थोडाच मिळणार? चारा बदलला की ती बी कुठं तरी नांदली असंल." हे अगदी बरोबर होतं आणि मला सुचलं नव्हतं.

कोठी रिकामी केली. तळाचा मका खड्ड्यात पुरला. आठ-दहा आठवड्यांत बकुळाची कास ओसरली. पावसाळ्यात दुसरी मोठी कालवड सोनी माजावर आली, गंगाधरनं ती भरवली आणि ती उलटली नाही. गाभण असल्याचं नक्की झालं त्या दिवशी रेखानं मला फोन केला. तिनं फोन थेट गोठ्यात नेला आणि म्हणाली, "ऐका, सोनी कडबा खाऊन राहिली." मी फोन कानाला लावून दोन मिनिटं कडब्याचा आवाज ऐकला.

सोनी व्याली तेव्हा सासू-सून दोघी नांदेडला आल्या. बरोबर चिकाची किटली. प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये खाण्याची वस्तू ठेवायची नाही हा बालाजीरावांचा कडक नियम. त्यावरून त्यांनी एकदा कुलगुरूंच्या पाहुण्यांची मिठाई बाहेर ठेवायला लावली होती. कौसाबाईंनी किटली पुढे केली तेव्हा ते काही क्षण फ्रीजच्या दारात उभे राहिले. मग म्हणाले, "इथं न्हाई चालत, मावशी. पण माझी बायको खरवस चांगला करते." संध्याकाळी तो अख्ख्या विभागाला पुरला.

त्या दिवशी मी कौसाबाईंना सूक्ष्मदर्शकातून पेशी दाखवल्या. त्या एक डोळा मिटून खूप वेळ बघत राहिल्या. "जित्या हायेत?" "हो." "आमचा मका ह्यांनीच खाल्ला?" "हो." त्यांनी मान वर केली आणि हात जोडले. मला नाही, पेशींना.

रेखा आणि तिचा नवरा दोघं लातूरच्या दवाखान्यात गेले, उपचार सुरू झाले. त्यांचं पुढचं त्यांच्यापाशी; ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की रेखानं बाहेरून बी.एस्सी.ला नाव घातलं आणि परीक्षेला कौसाबाई तिच्याबरोबर डबा घेऊन जात.

या सगळ्यावर आम्ही एक छोटा शोधनिबंध लिहिला. वैशाली, गंगाधर, मी आणि रेखा. निरीक्षणं रेखाची होती, वही रेखाची होती, नमुना कुठून घ्यायचा हे तिनंच आम्हाला शिकवलं होतं. तिचं नाव घालणं हा उपकार नव्हता. पण नियतकालिकाच्या संपादकांनी पत्र पाठवलं की एका लेखिकेच्या नावाखाली संस्था लिहिलेली नाही. मी रेखाला फोन करून विचारलं, काय लिहू? ती म्हणाली, "संस्था म्हणजे काम जिथं केलं ते ना?" मी म्हटलं, हो. "मंग गोठा," ती म्हणाली. मी तेच कळवलं: स्वतःचा गोठा, तालुका रेणापूर, जिल्हा लातूर. पुन्हा पत्र येईल म्हणून वाट बघत होते. आलं नाही. तसंच छापलं.

छापील प्रत घेऊन मी स्वतः गेले. दिवाळी होऊन गेली होती, अंगणात सोनीचा गोऱ्हा बांधलेला होता. कौसाबाईंना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी रेखाला विचारलं, "तुझं नाव कुठं हाय?" रेखानं दाखवलं. त्यांनी त्या नावावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून मला विचारलं, "आन् तुमचं?"

मी दाखवलं. वैशालीचं पहिलं, मग रेखाचं, मग गंगाधरचं, आणि शेवटी माझं.

"तुमचं सगळ्यात शेवटी कामून? तुमी कमी काम केलं का?"

आमच्या क्षेत्रात शेवटचं नाव हे सगळ्यात ज्येष्ठ माणसाचं असतं, तो मान समजला जातो. मी ते सांगायला तोंड उघडलं होतं. पण त्यांचं बोट अजून रेखाच्या नावावर होतं.

"हो मावशी," मी म्हटलं. "जरा कमीच केलं."